दख्खनचे शेतकरी खेडे : लोकवस्ती व समाजरचना

दख्खनच्या पठारावरील, मुख्यतः शेतीवर उपजीविका करणाऱ्या लहान गावांची लोकसंख्या, जातवार घडण आणि जमिनीशी असलेले तेथील निरनिराळ्या थरांचे नाते यांचा ऐतिहासिक आढावा. भारतातील ज्या मोजक्या प्रदेशांत एखाद्या साध्या खेड्याची घरे, माणसे, शेते आणि कर्जे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून वेळोवेळी मोजली गेली, त्यांत पुणे परिसराचा समावेश होतो. लोणी (१८१९–२०), पिंपळे सौदागर (१९१७) व जातेगाव बुद्रुक (१९२१) या तीन गावांच्या पाहण्या यासंबंधात प्रसिद्ध आहेत. मराठी खेडे स्वयंपूर्ण व सुखी होते की ऋण, विषमता आणि सक्तीची सेवा यांनी ते ग्रासलेले होते, या दीर्घकाळ चाललेल्या वादात या पाहण्यांतील आकड्यांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

काळी आणि पांढरी : परंपरेने गावाचे दोन भाग मानले जात. लागवडीची जमीन ती ‘काळी’ व वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पांढरीभोवती बहुधा मातीची किंवा दगडमातीची भिंत म्हणजे गावकूस असे व तिच्यात वेस ठेवलेली असे. गावकुसाच्या आत देऊळ, पार, चावडी, पाटलाचा वाडा आणि कुणबी, बलुतेदार वगैरेंची घरे असत. महारवाडा व मांगवाडा मात्र गावकुसाबाहेर असत. म्हणजेच वस्तीच्या मांडणीतच समाजाची उतरंड दिसून येई. शिवार जिराईत व बागाईत असे विभागलेले असे. विहिरीवर मोट चालविण्याइतकी बैलजोडी ज्याच्याकडे असे, त्यालाच बागाइताचा लाभ घेता येई. हलक्या व खडकाळ जमिनी चराईसाठी पडीक राहत. लोकसंख्या वाढली की हीच पडीक जमीन लागवडीखाली येई, व त्यामुळे गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न निर्माण होई.

गावातील बहुसंख्य वस्ती मराठा-कुणबी समाजाची असे आणि तीतही एखाद्या आडनावाची भावकी प्रबळ असे. एकाच नावाची गावे ओळखण्यासाठी अशा घराण्याचे नाव गावाला जोडण्याचा प्रघात होता; लोणी काळभोर व लोणीकंद ही त्याची उदाहरणे होत. एकाच भावकीत मुलेमुली देता येत नसल्याने सोयरिकी बाहेरगावी होत. त्यामुळे गावातील बहुतेक सुना परगावच्या आणि गावच्या लेकी परगावी नांदणाऱ्या असत. लोकसंख्येच्या दृष्टीने गाव कधीच बंदिस्त नव्हते. विवाहसंबंधांनी ते पंचक्रोशीशी व त्यापलीकडील गावांशीही बांधलेले असे.

मिरासदार, उपरी व वतनदार : जमिनीवरील हक्कानुसार कुणब्यांत दोन थर होते. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन गतकूळ किंवा सरकारी जमीन कौलाने कसणारा तो उपरी. मिरासदाराला जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा व गाव सोडून गेल्यास परत येऊन हक्क सांगण्याचा अधिकार असे. तसेच गावाच्या मानपानात व गोतसभेत त्याला स्थान असे. उपऱ्याला हा मान नसे; मात्र जाचक सारा लादला गेला, तर गाव सोडून जाणे त्याला सोपे असे. दुष्काळ, लढाया व साऱ्याचे दडपण यांमुळे अठराव्या शतकात गावे ओस पडत आणि कौल देऊन पुन्हा वसविली जात. साहजिकच गावातील माणसांची संख्या स्थिर नसून पावसाबरोबर व राज्यकारभाराबरोबर कमीजास्त होई.

गावाचा कारभार पाटील, त्याचा साहाय्यक चौगुला व हिशेबनीस कुलकर्णी यांच्याकडे असे. ही सर्व वतने वंशपरंपरागत होती. पाटीलकीचे वतन अनेक वाटेकऱ्यांत म्हणजे तक्षिमदारांत विभागले जाई आणि त्यावरून भाऊबंदकीचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. त्यांचे निवाडे गोतसभेपुढे होऊन महजर लिहिले जात. गावाच्या सामाजिक इतिहासाची बरीचशी माहिती या महजरांतून मिळते.

बलुतेदार व अलुतेदार : शेतकऱ्याला लागणाऱ्या सेवा पुरविणारे व त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे ते बलुतेदार. त्यांची संख्या परंपरेने बारा सांगितली जाते. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणा, सोनार, कोळी ही नावे निरनिराळ्या याद्यांत येतात; तथापि स्थलपरत्वे त्यांत फरक आढळतो आणि लहान गावात बाराही बलुतेदार क्वचितच असत. एकच सुतार किंवा न्हावी दोनतीन गावे सांभाळी. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी किंवा कासी मानल्या जात आणि मोबदल्याचे मान त्यांनुसार ठरे. शेतीच्या अवजारांशी निकटचा संबंध असलेले सुतार, लोहार व चांभार थोरल्या ओळीत गणले जात. महारांचीही गणना बहुधा याच ओळीत होई. तेली, तांबोळी, शिंपी, साळी, जंगम, गोंधळी इ. अलुतेदारांची गरज त्यामानाने प्रासंगिक असल्याने त्यांचे हक्कही कमी असत.

महारांचे स्थान या व्यवस्थेत विशेष होते. वेशीचे रक्षण करणे, सारा पोहोचविणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेली गुरे ओढणे अशी असंख्य कामे त्यांच्याकडे असत. त्याबद्दल हाडकी-हाडोळा ही इनाम जमीन व बलुते त्यांना मिळे. बावन्न हक्कांची परंपराही त्यांच्यात सांगितली जाते. शिवेच्या वादात ज्याची साक्ष प्रमाण मानली जाई, त्यालाच अस्पृश्यतेमुळे देवळात व गावविहिरीवर मज्जाव असे. काम केव्हा संपते व मोबदला किती, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. वतन ही सेवकाला मिळालेली जमीन असली, तरी ती त्याला गावाशी जखडणारी बेडीही होती, हा विचार डॉ. भीमराव रामजी आंबेडकरांनी मांडला आणि त्यानुसार वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आणले.

लोणीची पाहणी : पेशवाईच्या अस्तानंतर लगेच, १८१९–२० च्या सुमारास, टॉमस कोट्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने पुण्याजवळील लोणी या गावाची पाहणी केली. तिचा वृत्तांत मुंबईच्या ‘लिटररी सोसायटी’च्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गाव म्हणजे पुण्याच्या ईशान्येस, अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यावरील लोणीकंद होय. गावाचे क्षेत्र ३,६६९ एकर (सु. १४·८ चौ. किमी.) असून त्यांपैकी १,९५५ एकर लागवडीयोग्य व १,७१४ एकर चराऊ होते. लोकसंख्या साडेपाचशेच्या आसपास होती. म्हणजे माणशी सु. साडेतीन एकर लागवडीयोग्य जमीन व जवळजवळ तितकीच चराई उपलब्ध होती. पुढील काळाच्या तुलनेने ही स्थिती पुष्कळच सुसह्य म्हणावी लागेल.

असे असूनही शेतकरी ऋणमुक्त नव्हता. गावातील ८४ शेतकऱ्यांपैकी पंधरा-सोळा वगळता बाकीचे सर्व सावकाराचे देणेकरी असल्याचे कोट्सने नोंदविले. कर्जबाजारीपणा हा ब्रिटिश अमदानीतच निर्माण झाला, या समजुतीला ही नोंद छेद देते. जमीन मुबलक असतानाही कर्ज होते, कारण पावसाची अनिश्चितता, साऱ्याचा रोख हप्ता, बैल मरणे आणि लग्नकार्य यांसाठी हाताशी पैसा नसे. मात्र पेशवाईतील सावकाराला ऋणकोची जमीन सहजासहजी घेता येत नव्हती. भावकीचा व गोताचा विरोध, तसेच दिवाणी न्यायालयांचा अभाव या त्याच्या मर्यादा होत्या. पुढे बदलली ती ही परिस्थिती.

रयतवारी व तिचे परिणाम : पुणे जिल्ह्यात १८२८ च्या सुमारास प्रिंगल याने केलेली आकारणी जड ठरून अयशस्वी झाली. त्यानंतर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी व आकारणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे क्रमांक मिळाला व ते ज्याच्या नावे तो खातेदार सरकारला थेट जबाबदार झाला. मिरासदार व उपरी हा भेद यामुळे व्यवहारात संपला. उपऱ्याला कायम हक्क मिळाला, पण त्याबरोबर जमीन ही विक्रीची व जप्तीची वस्तू बनली. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले व सावकारांनी पत वाढविली. भाव कोसळल्यावर वसुली सुरू झाली. त्यातून १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोखे मिळवून जाळण्यावर होता. याचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला.

या काळातच नियमित जनगणना सुरू झाली. मुंबई इलाख्यात पहिली जनगणना १८७२ मध्ये झाली. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनची प्लेगची साथ, १८९९–१९०० चा दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा यांमुळे खेड्यांची लोकसंख्या वारंवार खालावली. इलाख्याची लोकसंख्या १८९१–१९०१ व १९११–२१ या दोन दशकांत घटली. अखंड वाढ दिसते ती १९२१ नंतर. तेव्हा जमिनीचे तुकडे होण्याची सुरुवात केवळ लोकसंख्यावाढीने झाली असे म्हणता येत नाही, कारण तुकडे त्यापूर्वीच झाले होते.

मॅन यांच्या पाहण्या : पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह केलेली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पवना नदीकाठचे हे गाव लोकसंख्येने कोट्सच्या लोणीएवढेच, म्हणजे साडेपाचशेच्या घरात होते. जुन्या कागदपत्रांच्या आधारे मॅन यांनी तेथील सरासरी धारणक्षेत्र पुढीलप्रमाणे दाखविले : १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२०–४० च्या दरम्यान १४ एकर आणि १९१४–१५ मध्ये ७ एकर. गावातील १५६ जमीनधारकांच्या शेतांचे ७२९ तुकडे झालेले होते. त्यांतील ४६३ तुकडे एक एकराहून लहान व ११२ तुकडे पाव एकराहूनही लहान होते. प्रत्येक मुलाला केवळ सारखे क्षेत्रच नव्हे, तर काळी, मुरमाड व विहिरीखालची अशा प्रत्येक प्रकारच्या जमिनीत वाटा देण्याच्या रूढीमुळे शेती लहान व विखुरलेलीही झाली. अशा तुकड्यांत बांधाला जागा जाई, औत वळविणे कठीण होई आणि स्वतंत्र विहीर खोदणे परवडत नसे.

कुटुंबांची आर्थिक स्थिती तपासता १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या उत्पन्नावर भागवू शकत होती. २८ कुटुंबांना बाहेरच्या मजुरीची जोड मिळून त्यांचे भागत होते. उरलेल्या ६७ कुटुंबांचे, म्हणजे सु. ६५ टक्क्यांचे, दोन्ही मिळूनही भागत नव्हते. बाहेरची मजुरी प्रामुख्याने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उपलब्ध होती. म्हणजे १९१७ मध्येच हे ‘शेतकरी’ खेडे अंशतः शहरावर जगत होते. अशी जोड नसलेल्या गावाची स्थिती पाहण्यासाठी मॅन व कानिटकर यांनी पुणे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातील जातेगाव बुद्रुक हे गाव निवडले (१९२१). तेथे १४७ कुटुंबांपैकी १२५ म्हणजे सु. ८५ टक्के कुटुंबे तुटीत असल्याचे आढळले. या दोन आकड्यांतील फरकावरून कोरडवाहू गावातील तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे का वळला, याचा उलगडा होतो. पुरुष रोजगारासाठी गेल्याने कोकण व सातारा भागांतील अनेक गावांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली आणि शेतीचा भार प्रत्यक्षात स्त्रियांवर पडला. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र त्यांचे नाव क्वचितच असे.

मराठी अभ्यासकांचे कार्य : सरकारी पाहण्यांच्या बरोबरीने मराठीतही खेड्याचा अभ्यास सुरू झाला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा गांव-गाडा (१९१५) हा या विषयावरील आद्य व महत्त्वाचा ग्रंथ होय. महसूल खात्यातील अनुभवाच्या आधारे आत्र्यांनी वतनदार, बलुतेदार व फिरस्ते यांचा कुणब्यावर पडणारा भार तपशिलाने मांडला. गाडा ओढणारा कुणबी एकटा आणि त्यात बसणारे अनेक, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. बलुतेदारांना मिळणारा मोबदला अपुरा व अपमानास्पद रीतीने दिला जाई, ही दुसरी बाजू त्यात पुरेशी येत नाही. नारायण गोविंद चापेकर यांनी बदलापूर या गावाचा सर्वांगीण वृत्तांत १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. गो. स. घुर्ये यांनी लोणीकंदची पुन्हा पाहणी करून सव्वाशे वर्षांतील स्थित्यंतर नोंदविले (१९६०). इरावती कर्वे व य. भा. दामले यांच्या पाहणीत (१९६३) गावातील दैनंदिन देवघेव व निकटचे संबंध प्रामुख्याने स्वजातीत व आप्तांतच होत असल्याचे दिसून आले. गाव म्हणजे एक कुटुंब, ही कल्पना प्रत्यक्षात कितपत खरी होती, याचा विचार करताना हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर बदल : खेडे म्हणजे छोटे प्रजासत्ताक राज्य, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रशासकांनी रूढ केली व पुढे राष्ट्रीय चळवळीत ती आदर्श म्हणून स्वीकारली गेली. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी तिच्यावर कठोर टीका करून गावाऐवजी व्यक्ती हा संविधानाचा घटक मानल्याचे समर्थन केले. दोन्ही विचारांचा ठसा नंतरच्या कायद्यांवर उमटला. एकीकडे ग्रामपंचायत अधिनियम (१९५८) व १ मे १९६२ पासून अंमलात आलेली जिल्हा परिषदांची व्यवस्था यांमुळे गावाला स्थानिक सत्ता मिळाली. दुसरीकडे जुनी वतने मोडण्यात आली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या अधिनियमाने, महारांसह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या अधिनियमाने आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या अधिनियमाने नष्ट झाले. कूळकायद्यानुसार (१९४८) १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून त्या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली. तुकडेबंदीचा अधिनियम १९४७ मध्येच झाला होता. तथापि वारसावाटपापुढे त्याचा प्रभाव मर्यादित राहिला.

नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या बौद्ध धर्मांतराचा परिणाम खेड्याखेड्यांत जाणवला. मेलेली गुरे ओढणे व तत्सम कामे नाकारण्यात आली आणि त्यावरून अनेक ठिकाणी बहिष्कार व तंटे झाले. महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ मध्ये अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सु. २७·९ लक्ष झाली. केंद्र शासनाच्या दृष्टीने १९९० पर्यंत बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नसल्याने राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेत ७·१ टक्के, तर १९९१ मध्ये ११·१ टक्के दिसते. ही वाढ लोकसंख्येची नसून मुख्यतः वर्गवारीची आहे. गावाची सामाजिक घडण आकड्यांवरून ठरविताना अशी सावधगिरी आवश्यक ठरते. शिवाय १९३१ नंतर २०११ पर्यंतच्या जनगणनांत सर्व जातींची तपशीलवार आकडेवारी प्रसिद्ध झाली नाही. त्यामुळे मराठा-कुणबी, माळी, धनगर किंवा बलुतेदार जाती यांच्या गावातील प्रमाणासंबंधीची विधाने बहुधा जुन्या आकड्यांवर किंवा स्थानिक पाहण्यांवर आधारलेली असतात.

बलुतेपद्धती रोख मजुरी, यंत्रे आणि कारखान्यातील माल यांच्या रेट्याने हळूहळू ओसरली. लोखंडी नांगर, मोटेऐवजी पंप व पुढे ट्रॅक्टर आल्याने सुतार, लोहार व चांभार यांचे खळ्यावरचे नाते तुटले. १९७२–७३ च्या दुष्काळात लक्षावधी शेतकरी व भूमिहीन एकत्रच खडी फोडण्याच्या कामावर आले. त्यातून रोजगार हमीचा अधिनियम (१९७७) आकारास आला. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील राज्याच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध वाटा मिळाला. तथापि बहीण भावासाठी हक्कसोडपत्र करून देण्याची रूढी अनेक गावांत टिकून आहे.

महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ मध्ये ४·२८ हेक्टर होते, ते २०१५–१६ मध्ये १·३४ हेक्टरवर आले. मॅन यांनी एका गावात दाखविलेली घसरण पुढील शतकात सबंध राज्यात घडून आली. १९६१ मध्ये राज्याची सु. ७२ टक्के लोकसंख्या ग्रामीण होती. २०११ मध्ये ती सु. ५५ टक्के झाली. पिंपळे सौदागर हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले असून ज्या शिवारात पाव एकराचे ११२ तुकडे मोजले गेले, तेथे आता बहुमजली इमारती आहेत. जुन्या खातेदारांच्या वंशजांना या बदलातून जमिनीचा मोबदला मिळू शकला. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या मजूर व बलुतेदार कुटुंबांच्या वाट्याला असा मोबदला येण्याचा प्रश्नच नव्हता. दख्खनच्या खेड्याची लोकसंख्या बदलली, व्यवसाय बदलले, वतने गेली; परंतु काळीतील वाटा कोणाला मिळाला होता, याचा परिणाम पांढरी नाहीशी झाल्यावरही टिकून राहिला आहे.